तेल न पिणारी गाडी

बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून मी एजंटला विचारलं, "गाडी कधीपासून उभी आहे?"

"परवापासून," एजंट म्हणाला. त्याचं नाव केसरकर, तोंडात मावा. "कुणी हातसुद्धा लावलेला न्हाई. देवाशप्पथ."

नोव्हेंबरातली सकाळ होती. साडेआठ वाजले होते, हवेत गारठा होता आणि बॉनेट इस्त्रीसारखं तापलेलं होतं.

"मग देवानंच एक फेरी मारून आणली असेल," मी म्हणालो. "आम्ही चहा पिऊन येतो. दोन तासांनी बघू."

"दोन तास? अहो, गिऱ्हाईक रांगेत हाय."

"असू दे की. त्यांना गरम गाडी दाखवा. आम्हाला थंड बघायची आहे."

जुनं डिझेल इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू करताना खरं बोलतं. एकदा गरम झालं की ते विकणाऱ्याच्या बाजूनं बोलायला लागतं. त्यामुळे गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवायची, ही या धंद्यातली जुनी रीत. केसरकर काही वेगळं करत नव्हता. शपथ तेवढी त्याच्या पदरची.

माझ्याबरोबर इंदूअक्का होत्या. इचलकरंजीत लूमच्या कामगारांसाठी खानावळ चालवायच्या. दोन वर्षं मी त्यांच्याकडेच दुपारचा जेवत होतो. शहराबाहेरच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यानं पहिल्या तारखेपासून अडीचशे डबे पोचवायचं काम त्यांना दिलं होतं, आणि अडीचशे डबे काही सायकलवर जात नाहीत. म्हणून पिकअप. रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला. मनगटं मोकळी होती.

"पाटल्या?" मी विचारलं.

"मोडल्या की. काल संध्याकाळी." त्यांनी बशीत चहा ओतला. "आता घरात मोडण्यासारखं म्हणजे मीच तेवढी राहिलेय. तू हो म्हणालास तर घेणार. न्हाई म्हणालास तर दुसरी बघू. मला त्यातलं चाक सोडून काही कळत न्हाई."

"मालक कोण आहे, सांगितलं का त्यानं?"

"कुणी मोठा सायझिंगवाला हाय म्हणाला. सौदा ठरल्यावर नाव सांगतो म्हणाला. तुला का रे? तोंड का असं झालंय तुझं?"

"चहा कडू आहे," मी म्हणालो.

चहा चांगला होता. गाडी मी फाटकातूनच ओळखली होती. निळी होती तिला पांढरा रंग मारला होता, पण मागच्या फाळक्यावर डावीकडे जी खोक होती ती बीम घसरून पडली होती आणि मीच हातोडीनं ठोकून बसवली होती. त्या गाडीवर मी नऊ वर्षं होतो. बाळगोंडा मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, यांच्या सायझिंगमधून, म्हणजे विणायच्या आधी सूत ताठ करणाऱ्या कारखान्यातून, सूत गुंडाळलेले लोखंडी बीम लूमवर पोचवायचे, येताना रिकामे बीम आणायचे. गाडी नवी कोरी आली तेव्हा तिच्या सीटवरचं प्लास्टिक मी काढलं होतं.

आणि याच गाडीवरून अण्णांनी मला डिझेलचोर म्हणून हाकललं होतं.

शेवटच्या चार महिन्यांत गाडीचं ॲव्हरेज पडलं. तेराचं अकरा झालं, अकराचं दहा. अण्णांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, रस्ते खराब आहेत, लोड वाढलाय. मला तरी कुठं ठाऊक होतं. माझं सगळं लक्ष दुसरीकडे. रोज सकाळी मी तेलाची पट्टी काढून बघायचो, आणि नऊ वर्षांची जुनी गाडी, महिन्याला अर्धा लिटर इंजिन ऑइल हमखास पिणारी, एकाएकी प्यायचीच बंद झाली होती. पट्टी काढावी तर तेल वरच्या खुणेला. याचं श्रेय मी स्वतःला दिलं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांना बोलावून पट्टी दाखवली. वर अण्णांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, "अण्णा, आपली गाडी आता तेल पीतच नाही."

तिथं दोन व्यापारी बसले होते. अण्णा हसले. "गाडी तेल पीत न्हाई, खरं हाय. ड्रायव्हर डिझेल पितोय." आणि किल्ली मागितली.

हे वाक्य गावभर झालं. ज्या मालकाकडे काम मागायला जावं तो हसून विचारायचा, काय मल्लू, आता किती लिटर लागतं दिवसाला. किल्ली कुणी हातात दिली नाही. शेवटी एका गॅरेजवर गाड्या धुवायला लागलो, तिथून नट-बोल्ट, तिथून हळूहळू जुनी गाडी घेणाऱ्यांबरोबर गाडी बघायला जायला लागलो. चोराला चोरी लवकर दिसते, असं म्हणत लोक मला न्यायचे.

पण हे सगळं एकवेळ पचलं असतं. माझे वडील, आप्पा, त्याच सायझिंगमध्ये एकतीस वर्षं खळ शिजवत होते. सुताला ताठपणा यायला जी पिठाची खळ लावतात, ती. मला काढलं त्या दिवशी घरी आल्यावर मी सांगितलं, आप्पा, मी थेंबभर घेतलेलं नाही. आप्पांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि म्हणाले, "अण्णा उगीच बोलायचे न्हाईत." त्यानंतर दोन वर्षं तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. एकाच खोलीत आम्ही जेवायचो. ते आईला म्हणायचे, "त्याला भात पाहिजे का विचार." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो.

तेव्हा त्या टपरीवर बसून मी ठरवलं की गाडी भंगार आहे म्हणून सांगायचं. अक्कांना सांगायचं आणि केसरकरच्या बाजारात चार लोकांना ऐकू जाईल असं सांगायचं. इंजिन संपलंय, चेसिस वाकलीय. गावात माझ्या इमानदारीला किंमत नव्हती, पण गाडीच्या बाबतीत माझ्या शब्दाला होती. अण्णांची गाडी सहा महिने तिथंच धूळ खात राहिली असती. माझ्या शब्दात तेवढी ताकद दोन वर्षांत पहिल्यांदा आली होती, आणि ती वापरायला मला फार बरं वाटणार होतं.

साडेदहाला परत आलो. बॉनेट गार पडलं होतं. केसरकरचं तोंडही.

"मारा," मी म्हणालो.

दुसऱ्या झटक्याला इंजिन उठलं. मागं गेलो. पहिला धूर काळसर, मग विरळ, मग काहीच नाही. निळा धूर असता तर इंजिन तेल जाळतंय असं म्हणता आलं असतं. नव्हता. तेल भरायचं झाकण काढून उलटं ठेवलं. आतून हवा मारत असेल तर झाकण थयथय नाचतं. हे नुसतं थरथरत होतं, थंडीत माणूस थरथरतो तेवढंच. खाली शिरलो, स्प्रिंगचे पाटे बघितले. सातच्या सात, जास्तीचा घातलेला नाही. चेसिसवर वेल्डिंग नाही. जिथं जिथं खोट शोधायला जावं तिथं माझाच हात फिरलेला. ग्रीस मी भरायचो, पाटे मी उतरवून धुवायचो. गाडीला शिव्या घालायच्या तर पहिली शिवी मलाच बसणार होती, आणि त्यानं मी आणखीच पेटलो.

"काय बघालास एवढं?" अक्का वाकून म्हणाल्या. "जिवंत हाय का?"

"बघतोय."

"किलोमीटर तर कमीच दिसतंय की. एक लाख बेचाळीस."

मी गाडीखालून बाहेर आलो. केबिनमध्ये डोकावलो. मीटरवर खरंच एक लाख बेचाळीस हजार. मी सोडली तेव्हा त्याच मीटरवर दोन लाख शहाऐंशी हजार होते. मला हसू आलं.

"केसरकर, ही गाडी मागं मागं चालवत होता काय तुम्ही?"

"म्हणजे?"

"एक्सलेटरचा रबर बघा. मधे भोक पडलंय, पत्रा दिसतोय. दीड लाखात इतका रबर जात नाही."

"ड्रायव्हरचा पाय जड असंल."

"असेल," मी म्हणालो. तो पाय माझाच होता.

मग पंपाकडे वळलो. डिझेल पंप हा गाडीतला सगळ्यात महागाचा अवयव, आणि तो कुणी खोललाय का हे बघितल्याशिवाय मी कुठल्याच गाडीला हो म्हणत नाही. आमच्या भागात पंपाचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याची एक सवय होती. पंप खोलून परत बसवला की मागच्या बाजूला तारेनं पत्र्याची बोटभर पट्टी अडकवायचा. तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं असायचं, तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि काय बदललं ते. उद्या कुणी भांडायला आलं तर पुरावा. ही पट्टी मळीखाली दडलेली असते, विकणाऱ्याला तिचा पत्ता नसतो.

माझ्या बोटाला तार लागली. फडक्यावर डिझेल घेतलं आणि पुसलं.

२ सप्टेंबर ०६. २,८६,९४०. सील गेले. डिझेल चेंबरात. सील बदलले.

मी परत वाचलं. मला काढलं त्या दिवशी चौदा ऑगस्ट होता.

चेंबर म्हणजे इंजिनाखालची ती बुदली, जिच्यात इंजिन ऑइल असतं. पंपाचं सील फाटलं की डिझेल टिपटिप करत तिच्यात उतरतं. डिझेल खपतं, ॲव्हरेज पडतं. आणि तेलात डिझेल मिसळत राहतं, म्हणून तेल कधी कमी होत नाही. पट्टी काढावी तर वरच्या खुणेला. चार महिने रोज सकाळी चोर मला पट्टीवर दिसत होता आणि मी त्याला लोकांना बोलावून दाखवत होतो. नुसता नाकाला लावून हुंगला असता तरी कळलं असतं.

"मल्लू," अक्का म्हणाल्या. "काय रे? पांढरा पडलास."

मी त्यांना सांगितलं. सगळं, गाडी कुणाची ते, पट्टीवर काय आहे ते. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण केसरकरनं मावा थुंकला आणि तो जवळ येऊन ऐकायला लागला. अक्कांनी पट्टी बोटात धरून स्वतः वाचली. ओठ हलवत, दोनदा.

"चौदा ऑगस्ट आणि दोन सप्टेंबर," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकोणीस दिवसांत त्यांना कळलं."

"होय."

"आणि तुझे आप्पा अजून तिथंच खळ शिजवालेत."

"होय."

त्या केसरकरकडे वळल्या. "मालकाला बोलवा. मोबाईल हाय न्हवं तुमच्याकडे? सांगा, गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन बसलंय, पण मालकाचं तोंड बघितल्याशिवाय देणार न्हाई."

अण्णा अर्ध्या तासात आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध, मोटारीतून उतरताना धोतर सावरत. मला बघून थबकले, पण क्षणभरच. मालक माणसाला असं पटकन सावरता येतं.

"मल्लू, तू होय? बारीक झालास की रे."

मी पट्टी दाखवली. ते वाकले. चष्मा लावला, काढला.

"हां," ते म्हणाले. "ते पंपाचं होय. मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा कळलं मला."

"मग?"

"मग काय. तोवर दुसरा ड्रायव्हर ठेवलेला. तुला बोलवायचं होतं रे. राहून गेलं."

"दोन वर्षं?"

"व्याप काय कमी असतात? तुला काय ठाऊक." मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढं आले. मी मागं झालो. "बरं, झालं ते झालं. उद्यापासून ये कामाला. पगार वाढवून देतो. आणखी काय पाहिजे?"

त्या क्षणी माझ्या हातात पान्हा होता. चौदा-पंधराचा, लांब दांड्याचा. मी तो का खाली ठेवला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक अक्कांनी मधे तोंड घातलं म्हणून.

"मल्लू, इकडं बघ. त्यांचं राहू दे. मला एवढंच सांग, गाडी कशी हाय?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. केसरकर बघत होता. बाजारातले आणखी दोघं-तिघं जवळ आले होते. भंगार, एवढा एकच शब्द. तो माझ्या जिभेवर सकाळपासून बसून होता.

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. "किलोमीटर खोटे आहेत, तीन लाखांच्या वर फिरलीय. पण अजून दीड लाख कुठं जात नाही. सांभाळलेली गाडी आहे."

"कुणी?"

"मी."

"मग घेणार," अक्का म्हणाल्या. अण्णांचा चेहरा सैल झाला. केसरकरनं पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. करारपत्र टाइप केलेलंच होतं, नाव आणि आकडा तेवढा रिकामा. अक्कांनी ते हातात घेतलं आणि खाली कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं लिहा. मीटर फिरवलेलं हाय ते."

"ते यांनी केलंय," अण्णा केसरकरकडे बघून म्हणाले. केसरकर आभाळाकडे बघायला लागला.

"कुणी का असेना. लिहा. आणि पंपाचं लिहा. मधे ॲव्हरेज पडलेलं ते कशानं, तेही लिहा."

"त्याची काय गरज? पंप नीट झालाय."

"माझ्या पाटल्या गेल्यात हिच्यात. उद्या डिझेल जास्त लागलं तर मी काय करू, ड्रायव्हरला चोर म्हणू? मला आधीचं सगळं कागदावर पाहिजे. तुमच्या हातानं लिहा."

अण्णांनी पेन काढलं. लिहायला लागले. सुंदर अक्षर होतं त्यांचं, टपोरं, सायझिंगच्या पाटीवरसुद्धा त्यांनीच लिहिलेलं होतं. "डिझेल पंपात दोष असल्याने ॲव्हरेज कमी मिळत होते," इथवर आले आणि टोपण लावायला लागले.

"चालकानं डिझेल घेतलं नव्हतं," अक्का म्हणाल्या.

"ते ओघानं आलंच की, अक्का."

"मी अडाणी बाई. मला ओघानं कळत न्हाई. नावानिशी लिहा."

त्यांनी लिहिलं. चालक मल्लाप्पा रामाप्पा हुल्ले.

"आता तुम्हाला हे कधी कळलं ती तारीख."

पेन थांबलं. अण्णांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं, पण ती शरम नव्हती. एक बाई, जेवण विकणारी, आपल्याला मजकूर सांगते आहे, याचा तो राग होता.

"गाडी विकायची न्हाई मला," ते म्हणाले.

"नका विकू. ही पट्टी सगळ्या बाजारानं वाचलीय. पुढच्या गिऱ्हाइकाला मीटर परत फिरवून दाखवा."

कुणीतरी मागं हसलं. अण्णांनी तारीख लिहिली, खाली सही केली, आणि मोटारीत बसेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही.

गाडी मी चालवत आणली. खानावळीपाशी उतरताना अक्कांनी कागद माझ्या खिशात कोंबला. "उद्या परत आण. गाडीची कागदं हायत ती. आज तुझ्या घरी लागतील."

आप्पा संध्याकाळी कामावरून आले, पाय धुतले, बसले. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि बाजूला झालो. ते चौथीपर्यंत शिकलेले. अक्षराला अक्षर लावून वाचत गेले. शेवटच्या ओळीला बराच वेळ लागला. आई चुलीपुढून उठून दारात आली होती.

"अक्षर अण्णांचंच हाय," आप्पा म्हणाले.

मला तेव्हा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो. कागद माझा, नाव माझं, आणि या माणसाला अक्षर दिसलं.

सकाळी भोंगा झाला. आप्पांनी रोजच्यासारखी चप्पल घातली, डबा घेतला. म्हणजे जाणार. मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. ते माझ्या उशाशी आले, कागद उचलला आणि गेले.

तासाभरात परत आले. डबा तसाच भरलेला. खांद्यावर खळ ढवळायचं लाकडी वल्हं होतं, एकतीस वर्षं हातात असलेलं, मुठीच्या जागी खोलगट झालेलं. ते स्वतःच्या पैशानं करून घेतलेलं होतं, म्हणून बरोबर आणलं होतं. त्यांनी ते दारामागं उभं केलं. पाय धुतले. आईकडे बघून म्हणाले, "त्याला..." आणि थांबले.

मग माझ्याकडे वळले.

"मी विचारलं त्यांना," ते म्हणाले. "म्हणाले, राहून गेलं."

त्यांनी खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला.

"मल्लू, दोन वर्षं रोज सकाळी भट्टीपाशी यायचे ते. रोज मला विचारायचे, पोरगं सुधारलं का."